मुकादमचा उपास

मुकादमला शनिवारी संध्याकाळपासून उपाशी ठेवायचं, हे मृणालने गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं आणि तिथेच चूक झाली. कुणाला काही न सांगता कुत्रीला सकाळी उचलून नेलं असतं, तर रविवारी दुपारच्या आत सगळं आटोपलं असतं.

मुकादम ही ठाकुर्लीच्या त्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी तांबूस कुत्री. नवीन माणूस गल्लीत शिरला की ती उठायची, त्याच्या पिशवीची तपासणी करायची आणि माणूस पटला तरच पुढे सोडायची, म्हणून तिला हे नाव पडलं. तीन वर्षांत तिची चार बाळंतपणं झाली होती आणि चारही वेळा गंगुबाईंनी तिला तुपातला शिरा खाऊ घातला होता. गंगुबाई गल्लीच्या मालकीणबाई. पूर्वी इथे त्यांची भातशेती होती, आता तिथे त्यांच्या तीन चाळी आणि एक चार मजली इमारत उभी आहे. शेत गेलं तरी येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला घालण्याची त्यांची सवय गेली नव्हती.

त्यातल्याच एका चाळीत मृणाल लहानाची मोठी झाली. ती जनावरांची डॉक्टर. ठाण्याला कोपरीच्या एका दवाखान्यात नोकरी करायची. दोन वर्षं ती युक्रेनला जाण्यासाठी अर्ज करत होती. तिथे युद्धामुळे लोक घरं सोडून गेले, त्यांची कुत्री-मांजरं मागे राहिली आणि बघता बघता त्यांची पिलावळ रस्तोरस्ती झाली. त्यांची नसबंदी करायला एक संस्था देशोदेशींचे डॉक्टर तीन-तीन आठवडे बोलवायची. पगार नाही, फक्त राहणं-खाणं. मृणालला दोनदा नकार आला होता. या खेपेला ती शेवटच्या यादीत होती आणि एकच अट उरली होती. रस्त्यावरच्या एका कुत्रीला ताब्यात घेण्यापासून ती शुद्धीवर येईपर्यंत नसबंदीच्या सगळ्या कामाचा व्हिडिओ रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. त्यात लपवाछपवी नको, काटछाट नको.

दवाखान्याचे मालक डॉ. उत्तम यांनी रविवारसाठी किल्ली दिली. गंगुबाईंचा मुलगा राघोशेठ आपली नवीकोरी पांढरी सात सीटची गाडी घेऊन स्वतःहून हजर झाला. व्हिडिओची जबाबदारी सुमतीबाईंनी घेतली. त्या मृणालच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मुकादम गाडीत चढेना, म्हणून गंगुबाई तिला मांडीशी घेऊन बसल्या. आणि मृणालचे वडील कुंडलिकराव शिस्त राखायला आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. नियम मोडणाऱ्याकडे ते अजूनही रुळावर उभ्या असलेल्या म्हशीकडे बघावं तसे बघत.

"आज रविवार. सकाळचे आठ वाजले आहेत," सुमतीबाई फोन समोर धरून म्हणाल्या. "आपण ठाकुर्लीहून कोपरीकडे प्रस्थान करत आहोत. कुत्री प्रसन्न दिसते आहे."

शीळफाट्याच्या वाहतुकीत गाडी अडकली आणि प्रसन्न कुत्रीने आवंढे गिळायला सुरुवात केली. मृणाल मागे वळेपर्यंत उशीर झाला होता. सायीच्या रंगाच्या नव्या सीटवर मुकादमने सगळं बाहेर काढलं. मृणाल वाकून बघत राहिली.

"हा साबुदाणा आहे," ती म्हणाली.

मग तिने गंगुबाईंकडे पाहिलं.

"आजी, हा साबुदाणा आहे."

"हाय ना," गंगुबाई म्हणाल्या. "उपाशी ठेवा बोललीस ना तू? मंग उपासाचाच दिला मी. खिचडी. तिखट पन नाय टाकला त्यान."

"आजी, उपाशी म्हणजे काहीच नाही."

"मला उपास शिकवतेस काय गो बाय? चालीस वर्सं एकादशी करतंय मी. बिनखाण्याचा उपास कोन करतो? आणि ती तर लेकुरवाली."

राघोशेठने आरशातून सीटकडे पाहिलं. सीटचं दुःख त्याने गिळलं आणि खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा म्हणून तो मागे वळला. "त्यातलं केळं माझं हाय," तो म्हणाला. "शेंगदाणे माझे नाय."

"खजूर माझा आहे," फोन न हलवता सुमतीबाई म्हणाल्या. "अर्धाच होता. बी काढून दिला होता."

गल्लीतून आणखी कुणाकुणाचं काय काय पोटात गेलं होतं, ते मुकादमलाच ठाऊक. उपासाला चालत नाही असं मात्र कुणीही काही दिलं नव्हतं. मृणालने कपाळाला हात लावला. भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत जातं, आणि मग टेबलावरचं जनावर टेबलावरच राहतं, हे तिने घरोघर सांगायला हवं होतं. तिने फक्त 'उपाशी ठेवा' एवढंच सांगितलं होतं.

"बेजबाबदार," कुंडलिकराव म्हणाले. "एवढी शिकली-सवरलेली माणसं तुम्ही. एका मुलीचं आयुष्य अडलंय तिथे आणि तुम्ही केळी वाटताय. नियम म्हणजे नियम."

त्यांचं बरोबर होतं. राघोशेठ पुढे वळला आणि त्याने गाडी हलवली.

कोपरीला पोचेपर्यंत मृणालने हिशेब मांडला. मुकादमने सकाळी साडेसहाला खाल्लं होतं. बरंचसं बाहेर आलं असलं तरी सगळं आलं असेलच असं नाही. साडेतीनपर्यंत थांबलं तर ऑपरेशन करता येईल, पाचपर्यंत ती शुद्धीवर येईल, सहाच्या आत व्हिडिओ जाईल. तिने कुत्रीला मागच्या खोलीत ठेवलं, फोन स्टॅंडवर लावला आणि पहाऱ्याला एकच माणूस नेमला, ज्याच्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"पप्पा, कुणालाही आत सोडायचं नाही."

"प्रश्नच नाही," कुंडलिकराव म्हणाले आणि दाराला आतून कडी लावून बसले.

बाहेर राघोशेठ पाण्याची बादली घेऊन गाडी धूत होता. गंगुबाई बाकावर बसून मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होत्या. सुमतीबाई डब्यातली पोळी खाता खाता मृणालला म्हणाल्या, "दहावीला भूमितीच्या पेपरला तू असाच चेहरा केला होतास. सुटला होता पेपर शेवटी." मृणालला हसू आलं. तिने हत्यारं मांडली, पुन्हा मोजली, पुन्हा मांडली.

साडेतीनला तिने मागच्या दारावर टकटक केली. कडी निघायला वेळ लागला. कुंडलिकराव दारात उभे राहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढे त्यांची मान खाली गेली नव्हती, ती आता गेली होती.

"मृणाल, तिने हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली," ते म्हणाले.

"पप्पा."

"दोन तास ठेवली होती. मी बघितलं नाही तिच्याकडे. दीडपर्यंत नाही बघितलं. मग डबा उघडला."

"किती?"

"दीड पोळी. आणि थोडी बुर्जी."

"बुर्जी कुठून आली?"

"गंगुबाईंनी दिली होती डब्यात. मला उपास नाही म्हणून."

सुमतीबाईंनी स्टॅंडवरचा फोन उचलून हातात घेतला. राघोशेठ ओल्या हाताने आत आला, त्याने सगळं ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"करून टाक ना," तो हळूच म्हणाला. "दीड चपाती तर हाय. कोनाला कळतंय? जानं महत्त्वाचं की नाय?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं तर हे सांगायला हवं, की मृणाल तेव्हा खरंच विचार करत होती. भुलीचं इंजेक्शन भरलेलं होतं. दहातली नऊ कुत्री दीड पोळी पोटात असूनही उठतात. दोन वर्षांचे अर्ज, दोन नकार, ही तिसरी संधी. मुकादम टेबलाखाली बसून शेपटी आपटत होती, कारण आजच्यासारखी बडदास्त तिची बाळंतपणातही झाली नव्हती.

मृणालने इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं.

"नाही करायचं आज," ती म्हणाली. मग फोनकडे बघून तिने तेच इंग्रजीत सांगितलं, की कुत्रीने खाल्लेलं आहे, ऑपरेशन पुढे ढकललं आहे.

"माज्यामुलं गेला ना गो तुजा चान्स?" गंगुबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

मृणाल त्यांच्यासमोर खाली बसली. तिने त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि सांगितलं, की इथून घास खाली जातो, इथून श्वास जातो, आणि भूल दिल्यावर वर आलेला घास इकडे न जाता तिकडे जातो. आधीच हे असं समजावून सांगायला आपल्याला सुचलं नाही, चूक आपलीच आहे.

"मंजे मी मारलीच असती तिला," गंगुबाई म्हणाल्या.

"तुम्ही कसल्या मारताय, आजी," मृणाल म्हणाली. "आई गेली त्या वर्षी मी बारावीला होते. वर्षभर दोन वेळचा डबा तुमच्याकडून आला. पप्पांना आमटीसुद्धा येत नव्हती तेव्हा. तुमच्या डब्यावर डॉक्टर झालेय मी. मुकादमला तुम्ही घास दिला म्हणून तुमच्यावर चिडू कशी?"

गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. कुंडलिकराव भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसीचं वेळापत्रक अतिशय बारकाईने वाचू लागले. "सुमतीबाई, ते बंद करा आता," ते म्हणाले. पण व्हिडिओत काटछाट नको ही अट सुमतीबाईंच्या पक्की लक्षात होती.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना मृणालने होतं ते सगळं पाठवून दिलं. साबुदाणा, केळं, खजूर, हनुवटी, बुर्जी, सगळं. सोबत एक ओळ लिहिली, की ऑपरेशन होऊ शकलं नाही, क्षमस्व.

बुधवारी उत्तर आलं. मृणाल ते गल्लीत उभ्याउभ्या वाचत होती आणि सुमतीबाई तिच्या खांद्यावरून. संस्थेने लिहिलं होतं, की सुबक ऑपरेशनं सगळ्यांनीच पाठवली, पण जेवलेली कुत्री टेबलावर न घेणारी डॉक्टर एकच निघाली. तुमची भाषा आम्हाला कळली नाही, पण त्या आजींशी तुम्ही कसं बोललात ते कळलं. आमच्याकडे घरोघरी अशाच आजी आहेत आणि त्यांच्याशी कसं बोलावं हे आम्हाला अजून जमलेलं नाही. कधी येता?

"म्हणजे निवड माझ्यामुळे झाली," कुंडलिकराव म्हणाले. "बुर्जी नसती तर तू ऑपरेशन केलं असतंस."

मुकादमचं ऑपरेशन पुढच्या रविवारी झालं. आदल्या संध्याकाळपासून गंगुबाई हातात काठी घेऊन तिच्यापाशी बसल्या. गल्लीत कुणाची वाटीसुद्धा वाजू दिली नाही त्यांनी. मुकादम शुद्धीवर येऊन पाणी प्यायली, तेव्हाच गंगुबाईंनी पाण्याला तोंड लावलं. ती उपाशी असताना माज्या घशाखाली कसा उतरल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या उपासांतला हा पहिला बिनखाण्याचा उपास.

जाताना गल्लीने मृणालच्या बॅगेत इतका खाऊ कोंबला, की विमानतळावर दोन किलो चकल्या कुंडलिकरावांकडे परत द्याव्या लागल्या. पोलंडपर्यंत विमान, पुढे बस. तिसऱ्या दिवशी ती एका छोट्या गावातल्या शाळेत उभी होती. खिडक्यांना काचांऐवजी फळ्या ठोकल्या होत्या आणि वर्गातल्या बाकांची ऑपरेशनची टेबलं केली होती. पहिलाच नंबर हालिना नावाच्या आजींचा. त्यांच्या दोरीला एक काळी कुत्री होती, शेजारचे लोक युद्धात निघून गेले तेव्हा अंगणात राहिलेली.

दुभाष्याने विचारलं, कुत्रीला काही दिलं का? आजींनी ठामपणे मान हलवली. नाही, काल संध्याकाळपासून काही नाही.

मृणालने कुत्रीकडे पाहिलंच नाही. तिने आजींकडे पाहिलं. आजी खिडकीवरच्या फळ्या अतिशय बारकाईने बघत होत्या.

"किती दिलं, विचार," मृणाल म्हणाली.

दुभाष्याने विचारलं. आजींनी कोटाच्या खिशातून फडक्यात बांधलेल्या बटाट्याच्या दोन पुऱ्यांसारखं काहीतरी काढलं. आधी चार होत्या. ती आधीच खूप उपाशी राहिलीय, त्या म्हणाल्या, अजून कशी ठेवू?

मृणालने गंगुबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगून तिने फोन हालिना आजींच्या कानाला लावला. ठाकुर्लीहून गंगुबाई दोन-तीन मिनिटं बोलल्या. मृणालला लांबून एवढंच ऐकू आलं, "आजचा जाऊ दे गो बाय. उद्या मात्र काय एक नको देव. मी पन तेच केलता." हालिना आजींना त्यातलं अक्षर कळलं नसणार. पण त्या शेवटपर्यंत हुंकार भरत राहिल्या. मग उरलेल्या दोन पुऱ्या त्यांनी मृणालच्या हातात ठेवल्या आणि ती खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. घरापासून इतक्या लांब, पहिल्याच सकाळी कुणीतरी आपल्याला समोर उभं राहून खाऊ घालतंय, म्हणून मृणालने दोन्ही पुऱ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवल्या.

दुसऱ्या दिवशी काळ्या कुत्रीचं पोट रिकामं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मृणाल हात धुऊन बाहेर आली, तेव्हा हालिना आजी शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी संस्थेने दिलेला सूपचा वाडगा होता. त्यावर साय धरली होती.

"गार झालंय," मृणाल दुभाष्याला म्हणाली. "विचार त्यांना, खाल्लं का नाही?"

दुभाषी विचारायला वळला, पण मृणालने त्याला थांबवलं. ती आत गेली, कुत्रीला उचलून बाहेर घेऊन आली आणि तिला आजींच्या मांडीशी ठेवलं. कुत्रीने डोळे किलकिले करून शेपटी एकदा हलवली.

मग आजींनी वाडगा उचलला.