घरटी एक घागर

समजा, तुमच्या घरी लग्न आहे. मांडव पडलाय, लाडू वळून झालेत, नवरानवरीला बसायला लातूरहून लाल मखमलीच्या दोन खुर्च्या आल्यात. सगळं आहे, फक्त पाणी नाही. आता डोळे मिटा आणि सांगा, तुम्ही काय कराल? सावकाश सांगा, घाई नाही. शिवकांताला हे उत्तर सापडायला भर दुपार झाली होती, आणि ती तर वर्गात पहिली येणारी मुलगी होती.

शिवकांता नऊ वर्षांची. उदगीरच्या पलीकडे निंबळवाडी नावाचं लहानसं गाव, तिथे तिच्या अप्पांचं, ईश्वरप्पांचं, किराणा दुकान होतं. लातूर उस्मानाबादपासून सुटून वेगळा जिल्हा झाला, त्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, कचेरी मिळाली, ठिकठिकाणी नव्या पाट्या मिळाल्या. पाऊस तेवढा द्यायचा राहून गेला असावा. निंबळवाडीच्या पाचांपैकी तीन विहिरींचा तळ उघडा पडला होता आणि टँकर तीन दिवसांनी एकदा येत होता.

लग्न होतं शिवकांताच्या आत्याचं. जगदेवी आत्या गावच्याच शाळेत मास्तरीण होती आणि नवरामुलगा मल्लिकार्जुन नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. दोघांनी ठरवलं होतं की आपलं लग्न आपणच आखायचं, थोडं जुनं आणि थोडं नवं. नवरी आईचं हिरवं इरकल नेसणार, नवरा सफारी घालणार. सकाळी घरच्या रीतीनं सुरगी, म्हणजे चार कोपऱ्यांत पाण्याचे चार तांबे मांडायचे, त्यांना सूत गुंडाळायचं आणि मधे बसवून दोघांना हळदपाण्यानं न्हाऊ घालायचं. संध्याकाळी मखमली खुर्च्यांवर बसून रंगीत फोटो. मल्लिकार्जुननं हे सगळं कागदावर अनुक्रमांक टाकून लिहिलं होतं आणि खाली सहीसुद्धा केली होती.

अडचण एकच होती. मल्लिकार्जुनचे चुलते गुरुबसप्पा. त्यांना लग्न लातूरच्या मंगल कार्यालयात हवं होतं, कारण तिथे एक दिवसाआड का होईना, नळाला पाणी यायचं. पण जगदेवीची आई, म्हणजे शिवकांताची अव्वा गंगम्मा, गुडघ्यांनी जायबंदी होती. ओसरीवरून अंगणात यायचं तरी तिला दोघींचे खांदे लागत. ट्रकमधून लातूरला ती काय जाणार? म्हणजे पोरीचं लग्न आईविना. जगदेवी आत्या हट्टाला पेटली. लग्न अव्वाच्या डोळ्यांसमोरच होणार.

"व्हऊ द्या इथंच," गुरुबसप्पा शेवटी म्हणाले, "पण सुरगीला न् सैपाकाला पाणी कमी पडलं, तर मी कुणाचं ऐकणार न्हाई. बारा वाजेस्तोवर वाट बघीन. मग नवरानवरी ट्रकात घालून लातूर."

तेव्हा जगदेवी आत्यानं युक्ती काढली. त्या काळी शहरातल्या पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची नवी टूम निघाली होती. आत्यानं ती ओळ घेतली आणि पुढे स्वतःची एक जोडली. 'आहेर आणू नये. येताना घरटी एक घागर पाणी आणावे.' ईश्वरप्पांनी पत्रिका वाचून डोक्याला हात लावला. लोक म्हणतील, ईश्वरप्पा पाणी मागून बहिणीचं लग्न करायलाय. पण पत्रिका छापून झाल्या होत्या.

आणि काय सांगू, लोकांनी खरंच पाणी आणलं. लग्नाच्या दिवशी उजाडल्यापासून रीघ लागली. कुणी डोक्यावर घागर घेऊन आलं, कुणी सायकलला दोन कॅन लटकावून. देगलूरची एक मावशी एसटीनं आली, तर कंडक्टरनं तिच्या घागरीचं अर्धं तिकीट फाडलं होतं. घागर मांडीवर बसली होती, असं त्याचं म्हणणं. आत्यानं ज्यांच्या पोरांना पाढे शिकवले होते, त्यांनी तर आपल्या वाटणीचं टँकरचं पाणी आणलं. दारातली दोन पिंपं नऊ वाजायच्या आत काठोकाठ भरली. गुरुबसप्पांनी दोनदा येऊन त्यांत डोकावून पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. सकाळपासून घागरी ओतून घेणाऱ्या शिवकांताच्या कामावर खूश होऊन आत्यानं तिला एक बुंदीचा लाडू दिला. तो जेवणानंतर सावकाश खायचा म्हणून शिवकांतानं फ्रॉकच्या खिशात ठेवून दिला.

इथवर सगळं आत्याच्या आखणीप्रमाणे झालं. आत्या हुशार होती, पण तिनं घागरी येतील कशा एवढाच विचार केला होता. जातील कशा, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेजारची कस्तुराबाई घागर पिंपात उपडी करून निघाली, तशी ओसरीवरून अव्वाची हाक आली.

"कस्तुरे, थांब. रिकामी घागर घिऊन कुठं चाललीस?"

"घरी ठिवून येते की."

"लग्नघरातून रिकामं भांडं? अगं, आपल्यात भाजीची वाटी आली तरी चिमूटभर साखर घालून परत देत्यात. घागरीत काहीतरी घाल गं कुणीतरी."

अव्वाचं चुकलं नव्हतं. त्या गावात कुणाचंही भांडं रिकामं परत करत नसत. मग कस्तुराबाईच्या घागरीत दोन लाडू पडले. तिच्यामागच्या बाईच्या घागरीत दोन. पुढे एकेक. असं करता करता पंगतीचे लाडू संपत आले, तेव्हा आचारी हात जोडून ओसरीसमोर उभा राहिला. मग ज्वारी घालून पाहिली, तर बायका म्हणाल्या, पाण्याच्या भांड्यात दाणे गेले की घागर घासायला पुन्हा पाणी लागतंय. गूळ घालावा तर मुंग्या. अव्वानं थोडा विचार केला आणि तोडगा काढला.

"पाण्याचं भांडं हाय, तर पाणीच घाला. तांब्याभर."

तांब्याभर पाण्यानं काही बिघडलं नसतं. पण वाढायला उभी होती आत्याची मैत्रीण पंचशीला, आणि तिचा हात सैल. केवळाबाईच्या घागरीत तिनं दोन तांबे ओतले. कस्तुराबाईनं ते पाहिलं. केवळाबाई आणि कस्तुराबाई यांचं बांधाला बांध, त्यामुळे एकीचं दुसरीला दिसल्याशिवाय राहत नसे. ती घरी ठेवलेली घागर घेऊन परत आली.

"केवळाबाईला पाणी, अन् मला लाडू व्हय? दुष्काळात लाडू काय प्यायचा हाय?"

लग्नाच्या दिवशी शेजारीण रुसून चालत नाही. तिच्या घागरीत तीन तांबे पडले. ते बाकीच्यांनी पाहिलं. आता कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला चार, असं होऊ लागलं आणि मांडवात कुजबुज वाढली. देगलूरची मावशी तर म्हणाली की आमची घागर तिकीट काढून आलीय. शेवटी अव्वानं काठी आपटून निकाल दिला. मानपानात भेद नको, सगळ्यांच्या घागरी सारख्या भरा, पार गळ्यापर्यंत.

मुलांनो, आता हिशेब तुम्हीच करा. जेवढ्या घागरी पिंपांत ओतल्या, तेवढ्याच पिंपांतून भरून परत दिल्या. शिवाय घरातल्यांनी सकाळपासून तोंडं धुतली होती, तेवढं पाणी कमीच. पिंपात किती उरलं?

ते सगळ्यात आधी गुरुबसप्पांना कळलं. सव्वाअकराला ते तिसऱ्यांदा डोकवायला आले, पिंपाला बोटाची टिचकी मारली, आणि पिंप देवळातल्या घंटेसारखं वाजलं.

चुलीवरची डाळ पाण्याची वाट बघत होती. सुरगीचे चारही तांबे कोरडे होते. आणि गंमत अशी की, पाणी काही कुठे गेलं नव्हतं. ते तिथेच होतं. मांडवाच्या दोन्ही बाजूंनी बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या गुडघ्याला टेकून एकेक भरलेली घागर होती. पण दिलेला आहेर परत मागायचा कुठल्या तोंडानं? मल्लिकार्जुननं सफारीच्या खिशातून कागद काढला, 'विषय: तातडीने टँकर मिळणेबाबत' असं लिहायला घेतलं.

"लिही, लिही," गुरुबसप्पा म्हणाले. "बारशापत्तोर यील." मग ते वऱ्हाडाच्या ट्रकवाल्याकडे वळले. "गाडी काढ. नवरीला बसवा."

जगदेवी आत्या एका गालाला हळद लागलेल्या अवस्थेत उठली आणि अव्वापाशी येऊन उभी राहिली. अव्वानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती रिकाम्या पिंपाकडे पाहत होती.

"माझ्यामुळंच झालं बघ," ती हळूच म्हणाली. "जा तू. फोटू दाव मला मागून."

शिवकांता खांबाला टेकून हे ऐकत होती. आजीचा आवाज असा कधीच येत नसे. अव्वा नेहमी काठी आपटून बोलायची. शिवकांतानं एकदा अव्वाकडे पाहिलं, एकदा भरलेल्या घागरींकडे, आणि मग ती घरात पळाली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घरातला सगळ्यात मोठा तांब्याचा हंडा होता. हातात म्हणजे काय, ती त्याला दोन्ही हातांनी ओढत होती आणि तो खडखड वाजत होता. तिनं तो नेमका केवळाबाईच्या पुढ्यात आणून ठेवला.

"केवळामावशी, अव्वानं भांडं पाठवलंय."

"कशाला गं?"

"कशाला न्हाई. नुसतंच पाठवलंय. आता परत न्यायला थांबलेय."

केवळाबाईनं हंड्यात पाहिलं. हंडा रिकामा होता. तिनं ओसरीवरच्या गंगम्माकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या बायकांकडे. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. लग्नघरचं भांडं, आणि ते रिकामं परत जाणार? तेही केवळाबाईच्या पुढ्यातून? तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"मास्तरणीची भाची शोभतीस," ती म्हणाली, आणि तिनं घागर उचलून हंड्यात पार शेवटच्या थेंबापर्यंत उपडी केली.

पुढचं सांगायला नकोच. केवळाबाईनं पूर्ण ओतली म्हटल्यावर कस्तुराबाई अर्धी कशी ओतेल? तिनं घागर ओतून वर झटकलीसुद्धा. हंडा भरला की पंचशीला तो पिंपात नेऊन रिता करी आणि शिवकांता पुढच्या बाईसमोर मांडी. देगलूरच्या मावशीनं तिकीट काढून आलेलं पाणी ओतलं. पुरुषांची रांग आली तेव्हा हंडा गुरुबसप्पांपुढे थांबला. त्यांनी वाकून त्यात डोकावून पाहिलं. मग ट्रककडे गेले आणि सीटखालून एक मोठा कॅन घेऊन आले. लातूरहून स्वतःपुरतं आणलेलं पाणी होतं ते.

"ट्रक ऱ्हाऊ दे," कॅन ओतता ओतता ते ट्रकवाल्याला म्हणाले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना सुरगीचे चारही तांबे भरले, सूत गुंडाळायला सुरुवात झाली. अव्वाला दोघींनी खांदा देऊन अंगणात आणलं. तिनं पोरीच्या डोक्यावर हळदपाण्याचा पहिला तांब्या ओतला, पदरानं डोळे पुसले, मान वर केली, आणि तिची नजर मांडवावरून फिरली. काठी आपटली.

"अगं, ह्या समद्यांच्या घागरी पुन्हा रिकाम्याच झाल्या की."

पंचशीलानं पिंपावर दोन्ही हात आडवे धरले. ईश्वरप्पा मटकन मखमली खुर्चीत बसले. जगदेवी आत्यानं भिजल्या डोक्यानं शिवकांताकडे पाहिलं.

शिवकांतानं सुस्कारा सोडला. फ्रॉकच्या खिशात हात घातला, सकाळपासून जपलेला लाडू बाहेर काढला आणि एकदा त्याचा वास घेतला. मग तिनं तो तळहातावर नीट फोडला आणि पहिल्या घागरीपासून सुरुवात केली, प्रत्येकीत एकेक बुंदी.