आधी तुमचे मार्क सांगा

आमच्या गल्लीत बारावीच्या निकालादिवशी कुणाच्या घरी जायचं असेल, तर आधी स्वतःचे मार्क सांगावे लागतात. न सांगून जाता कुठं? दारात बसाप्पाअण्णा बसलेले असतात.

अण्णा आमचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, आख्खी नोकरी सोलापूर–अक्कलकोट गाडीवर काढली. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि आवाज असा की घरात कुजबुजले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. बायको गेल्यापासून एकटेच असतात. एरवी कुणाच्या भानगडीत नाक खुपसणार नाहीत. पण बारावीचा निकाल म्हटलं, की आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, स्वतःचं स्टूल घेऊन निकालवाल्या घराच्या दारात हजर. बोलावणं लागत नाही आणि हाकललं तरी जात नाहीत.

"काय हो, किती पडले पोराला?" म्हणत कुणी आलं, की अण्णा हात आडवा घालतात. "थांबा की. आधी तुमचं सांगा. बारावीला किती हुतं?" निम्मे लोक तिथूनच परततात. एक बाई 'गॅसवर दूध ठेवलंय' म्हणून पळाल्या, त्या पुढं कित्येक दिवस अण्णांना बघून रस्ता बदलायच्या.

यंदा ते स्टूल आमच्या दारात आलं. माझ्या तेजूची बारावी. पोरीची सीईटी झकास गेली होती, पण बोर्डाच्या केमिस्ट्रीच्या पेपरला अंगात सणसणून ताप. इंजिनियरिंगला नंबर सीईटीवर लागतो हे खरं, पण बारावीलाही ठरलेले तेवढे मार्क पडावेच लागतात. तिथंच घसरलं तर सीईटीचं काय लोणचं घालायचं?

भर दुपारी निकाल लागला. चोपन्न टक्के. केमिस्ट्रीत काठावर पास, पण गणितानं हात दिला आणि पात्रतेपुरतं बसलं. सुटले बाई! मी तिथंच फरशीवर बसले आणि घळाघळा रडले. निकाल तिचा, आणि पाणी आणून तीच मला देत होती.

नेमके तेव्हाच माझे थोरले दीर आले. भाऊजी म्हणजे लग्नाच्या पंगतीतही समोरच्या पोराला मार्क विचारणारा माणूस. मी डोळे पुसेपर्यंत अण्णांनी त्यांना दारात अडवलंही होतं.

"तुमचं किती?"

"फर्स्ट क्लास," भाऊजी ताठ होत म्हणाले.

"टक्के सांगा."

"आमच्या वेळी टक्केबिक्के कोण बघत होतं!"

"मंग काय, शेर-पायलीनं मोजत हुते व्हय?"

तेजू आत फस्सकन हसली. किती दिवसांनी हसली पोरगी! बाहेर भाऊजी घाम पुसत म्हणाले, "असतील साठच्या आसपास."

"साकु!" अण्णा म्हणाले. साकु म्हणजे कानडीत पुरे. "तेवढ्यात नोकरी लागली, लगीन झालं, घर झालं. पोरीचं बी हुतंय. जावा आत, ताक प्या."

भाऊजी मुकाट्यानं ताक प्याले, सोलापूरच्या उन्हाबद्दल बोलले आणि गेले. तेजूचा आकडा विचारायची काही त्यांची छाती झाली नाही.

पुढं सीईटीनं काम केलं. तेजूला पुण्यात जागा मिळाली. मी अक्कलकोटला जाऊन नारळ फोडून आले.

ती निघाली त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. सरळ गाडीत चढले, तिच्या शेजारी बसले आणि त्यांच्या मानानं अगदी हळू बोलले. खिडकीखाली मला सगळं ऐकू आलं.

"पोरी, खरं सांग. तुला जायचं हाय न्हवं तितं? का आई म्हणती म्हणून?"

मार्कांच्या त्या धावपळीत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेजूनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"मलाच जायचंय, अण्णा. लई दिवसांपासून."

माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरले.

गाडी गेली तरी ते हलेनात. "माज्या मल्लूला लई मार्क पडलं हुतं," ते म्हणाले. मल्लू त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूत डॉक्टर. वर्षाकाठी येतो तो उभ्याउभ्या, आणि लगेच जातो. "डेपोत पेढं वाटत फिरलो मी. एवढं मार्क हायत तर डाक्टरच कराया पायजे, सगळी म्हनली. घातला डाक्टरकीला. जलमभर गाडीत हरेक मान्साला इचारलं, कुटं जायचं. घरच्या पोराला तेवढं इचारायचं ऱ्हायलं बग."

एवढा दणदणीत आवाजाचा माणूस, पण शेवटचे शब्द मला जेमतेम ऐकू आले. फार वाईट वाटलं. अण्णांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

"चाळिशीला आलाय त्यो आता. आत्ता इचारलं तर चालंल का गं?"

"चालतंय की, अण्णा," मी म्हणाले. "लावा फोन."