बंद गल्ली निळी असते

"चाळीस वर्षं झाली मला या कामात. आजवर माझ्या हाताखालून एक माणूस हरवलेला नाही! माणूस सोडा, कुणाची टोपीसुद्धा हरवली नाही!"

गाइड सी मफद्दलनं लाल छत्री वर केली आणि चौदा जणांवरून नजर फिरवली. कासाब्लांकाच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ही मंडळी. टँजियरला मुक्काम, आणि आजचा एक दिवस मोरोक्कोच्या डोंगरातलं शेफशाऊन, स्थानिकांच्या तोंडी नुसतं शाऊन, बघायला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली माणसं, त्यामुळे बोलायचं फार साचलेलं. सकाळी दहाला बसमधून उतरल्यापासून एकाचंही तोंड बंद नव्हतं.

"आणि या गल्ल्यांत आम्ही चुकलो तर?" लल्ला बतूलनं विचारलं. ही त्यांची पुढारी; इथे पुरुषाला मानानं 'सी' म्हणतात आणि बाईला 'लल्ला'. एके काळी तिच्या हाताखाली बावीस मुली होत्या, आणि त्या सगळ्या अजूनही आहेत अशा थाटात ती बोलायची.

"लल्ला, इथे चुकणं अवघड आहे. भिंती निळ्या, दारं निळी, ते सोडून द्या. पायाखाली बघा! फरशी निळी रंगवलेली असेल तर गल्ली बंद. फरशी दगडाचीच असेल तर गल्ली पुढे जाते. आमच्या बायकांनी घालून दिलेला नियम आहे. घरचा दरवाजा ओळखायच्या आधी आमची पोरं हे शिकतात."

"वा! बघा, डोंगरातले लोक किती हुशार!" सी बूशैब म्हणाला. कासाब्लांकाच्या माणसानं डोंगरातल्या माणसाला हुशार म्हटलं की ते अपमानासारखंच ऐकू येतं. एरवी मफद्दलनं याला खरपूस उत्तर दिलं असतं. आज तो नुसता हसला आणि चालू लागला.

कारण तोंडानं तो गल्ल्यांबद्दल बोलत होता खरा, पण मन ठिकाणावर नव्हतं. सकाळी भट्टीवर पाव घ्यायला गेला तेव्हा भट्टीवाल्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, "तुहामी गेला. पहाटे. दुपारी असरच्या नमाजेनंतर नेतायत."

तुहामी आणि मफद्दल एकाच गल्लीत वाढले, एकाच वर्षी गाइड झाले, आणि गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्या शाऊनला वाटायचं, दोघंही सारखेच हट्टी. पण चूक एकट्या मफद्दलची होती, आणि हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा तुहामी आपला सगळा गट गालिच्याच्या दुकानात बसवून तासभर कुठेतरी गेला. त्या दिवशी मफद्दल त्याच्यावर कसल्याशा फालतू कारणानं चिडलेला होता. त्यानं पर्यटन कचेरीत जाऊन तक्रार केली : गाइडनं गट वाऱ्यावर सोडला! तुहामीचा गाइडचा बिल्ला दोन वर्षांसाठी गेला. दोन वर्षं तो रस्त्याच्या कडेला बसून शेळीच्या दुधाचं चीज विकत होता. नंतर कळलं, त्या तासाभरात तो आईसाठी डॉक्टर आणायला गेला होता.

कळलं तेव्हाच जाऊन माफी मागायची. पण आज जाऊ, ईदला जाऊ, पुढच्या ईदला जाऊ, असं करत अकरा वर्षं गेली. आता एकच संधी उरली होती. माती पडायच्या आत, कबरीच्या कडेला बसून, त्याच्या कानावर घालायचं. मेलेल्याला ऐकू येतं की नाही हे मशिदीतल्या फकिहाला विचारायचं धाडस मफद्दलला झालं नाही. फकीह "नाही" म्हणाला असता तर?

आता तुम्ही म्हणाल, मग गट सोडून जावं की सरळ! पण नियम म्हणजे नियम. गाइडनं गट मध्येच सोडला की बिल्ला गेला. हा नियम किती कडक पाळला जातो हे मफद्दलहून जास्त कुणाला माहीत असणार?

तेव्हा बेत असा ठरला : असरच्या आधी सगळं दाखवून संपवायचं, गटाला मशिदीसमोरच्या पायऱ्यांवर चहा देऊन बसवायचं, आणि नजरेच्या टप्प्यात राहूनच जनाज्याला खांदा द्यायचा. कबरस्तान तिथून पुढे, बस उभी असते त्याच वाटेवर, म्हणजे गटही बरोबरच येणार. बेतात खोट नव्हती.

खोट होती चौदा माणसांत. किल्ल्यात बूशैबचा गुडघा धरला. झऱ्याकाठी बतूलनं गालिचे धुणाऱ्या बायकांना साबणाचा भाव विचारला, आणि मग तो साबण कासाब्लांकात किती वाईट मिळतो यावर सभा भरली. जेवायला बसले तर शेळीच्या मांसाच्या ताजीनमध्ये, म्हणजे मातीच्या भांड्यातल्या त्या रश्श्यात, आलूबुखार हवे की नकोत यावरून दोन तट पडले! मफद्दल पुन्हा पुन्हा म्हणत होता, "लवकर, बाबांनो, लवकर." पण निवृत्त माणसाला लवकर म्हणणं म्हणजे त्याच्या पेन्शनचा अपमान.

असरची बांग झाली तेव्हा गट वरच्या आळीत एका मांजराचे फोटो काढत होता.

मफद्दलनं छत्री उंच धरली. "माझ्या मागे या!" तो ओरडला. "छत्रीकडे बघा! काही विचारू नका!"

वरच्या आळीतून मशिदीकडे उतरणारी एक जवळची गल्ली होती. सार्वजनिक विहिरीपासून तिसरी. मफद्दल लहानपणापासून डोळे मिटून तिच्यातून जात असे. आता डोळे उघडे ठेवून पोचला, आणि थबकला. फरशी निळी! या कडेपासून त्या कडेपर्यंत, गर्द निळी!

"बंद गल्ली!" मागून चौदा जण एका सुरात ओरडले. सकाळचा धडा त्यांना चोख पाठ झाला होता.

खरं म्हणजे त्याच्या पायांना वाट माहीत होती. पण सकाळीच छाती पुढे काढून सांगितलेला नियम आता कुठल्या तोंडानं मोडणार? त्याला वाटलं, दुःखानं आपलं डोकं फिरलंय, गल्ल्या मोजायला चुकलो. तो वळला आणि पुढच्या दगडी फरशीच्या गल्लीत घुसला. ती गल्ली दोन वळणं घेऊन एका गोठ्यात संपली. तिथल्या फरशीचा निळा रंग कधीच झिजून गेला होता. गोठ्यात एक गाढव उभं होतं, आणि ते चौदा जणांकडे वैतागून बघत होतं.

"सी मफद्दल, हे ऐतिहासिक आहे का?" बूशैबनं विचारलं.

"मागे फिरा!"

गल्ली इतकी अरुंद की छत्री पुढे नेणं अशक्य. सगळे जागच्या जागी वळले. म्हणजे शेपटीला लंगडत असलेला बूशैब झाला पुढारी, आणि मफद्दल पडला सगळ्यात मागे! बूशैब एकेक पायरी जपून चढत होता, आणि मागे मफद्दल छत्रीची मूठ आवळत होता. खाली नमाज संपत आली असणार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाढवासमोर रडायची वेळ येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

निळ्या गल्लीच्या तोंडाशी परत आले तर तिथे खद्दूज उभी. सत्तरीची, हातात कुंचा, कोपरापर्यंत निळी.

"खद्दूज मावशी, ही तिसरीच गल्ली ना?"

"मग काय दुसरी? म्हातारा झालास का रे?"

"मग फरशी निळी कशी? गल्ली तर खाली जाते!"

"आम्ही दुपारी रंगवली." खद्दूजनं कुंचा बादलीत बुडवला. "रोज परके लोक दारात उभे राहून फोटो काढतात. माझी वाळत घातलेली सलवार कुठल्या कुठल्या देशांत पोचली असेल, देव जाणे! मग आम्ही बायका बसलो आणि म्हटलं, फरशी निळी करा. गाइड लोक बंद समजून परत जातील. तुझ्यासारख्यांसाठीच केलंय, आणि लागू पडलं बघ!"

"मावशी, मला जाऊ दे."

"ओलं आहे अजून. पाऊल टाकशील तर कुंचा घालीन टाळक्यात!"

"तुहामीला नेतायत," मफद्दल म्हणाला.

खद्दूजनं त्याच्याकडे बघितलं. तिनं या दोघांना एकाच ताटलीतून खाताना पाहिलं होतं. तिनं बादली बाजूला सरकवली.

"जोडे काढा सगळ्यांनी," ती हळूच म्हणाली. "जा. पावलं उठली तर उठू देत. मी पुन्हा हात फिरवीन."

कासाब्लांकाच्या चौदा जणांनी जोडे काढून हातात घेतले. सकाळपासून पहिल्यांदाच सगळे गप्प होते. बतूलनं फक्त एवढंच विचारलं, "कोण होते?"

"मित्र," मफद्दल म्हणाला. अकरा वर्षांनी हा शब्द त्याच्या तोंडून निघाला.

तो धावत सुटला. त्याच्यामागे अनवाणी, निळ्या पायांचे चौदा जण. मशिदीसमोर कुणी नव्हतं. पण कबरस्तानाच्या वाटेवर कलमा ऐकू येत होता. वीसेक माणसं, झपाझप पावलं, मध्ये खांद्यांवर हिरवी चादर घातलेला जनाजा. मफद्दल गर्दीत शिरला, छत्री काखेत मारली आणि एकाचा खांदा हलकेच बाजूला करून आपला लावला. जनाज्याबरोबर चालताना कुणी कुणाची चौकशी करत नाही. खांदा मागितला की द्यायचा. बाकीच्यांची चेहरा झाकेपर्यंत ओढलेली झग्यांची टोपरी बघून त्याला वाटलं, तुहामीच्या आजोळची डोंगरातली माणसं असतील.

वाटेत जनाजा भेटला तर चार पावलं तरी बरोबर जावं, ही रीत कासाब्लांकातही आहेच. शिवाय सकाळपासून छत्रीच्या मागे जायची सवय. सगळे त्याच्या मागोमाग निघाले. कबरस्तानाच्या भिंतीपाशी बायका थांबल्या आणि पुरुष आत गेले.

कफन खाली उतरवलं. तुहामी चांगला उंच होता. खालचा देह जरा आखूड दिसत होता. मरण माणसाला लहान करतं, मफद्दलला वाटलं, आणि त्याचा उरलासुरला धीर सुटला. तो कडेला गुडघ्यांवर बसला.

"भावांनो, थांबा, माती टाकू नका!" तो ओरडला. मग खाली वाकून बोलू लागला. "तुझा बिल्ला माझ्यामुळे गेला. तक्रार मी केली होती. तू आईसाठी डॉक्टर आणायला गेला होतास, आणि मी मात्र... दोन वर्षं तू रस्त्यावर चीज विकलंस. मी रोज दुसऱ्या वाटेनं घरी जायचो, तुझ्या नजरेस पडायला नको म्हणून. पण एकदा पोराला पाठवून तुझं चीज आणवलं होतं. चांगलं होतं रे. तेही सांगितलं नाही तुला. अकरा वर्षं मी तुझ्या दारावरून गेलो, आणि प्रत्येक वेळी हात वर केला होता कडी वाजवायला. मला माफ कर!"

सगळं बोलून झालं. अकरा वर्षं साठवलेलं, एका दमात. बूशैब डोळे पुसत होता. डोंगरातली माणसं एकमेकांकडे बघत होती.

दांडग्या हातांचा एक माणूस पुढे आला. "काका," तो अदबीनं म्हणाला, "माझ्या बाबांकडे कसला बिल्ला होता?"

"तुझ्या बाबांकडे?"

"हाज अब्सलाम. तेलाच्या घाण्यावाले. त्यांनी आयुष्यात चीज विकलं नाही. त्यांना वाससुद्धा सहन व्हायचा नाही."

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून लल्ला बतूलचा आवाज आला. तिथल्या बायकांशी पाच मिनिटं बोलून तिनं शाऊनची सगळी खबर काढली होती. पस्तीस वर्षं कमावलेला तो आवाज अख्ख्या कबरस्तानावरून खणखणीत आला :

"सी मफद्दल! राँग नंबर! आज दोन जनाजे होते! तुमचे त्या तिकडे, अंजिराच्या झाडाखाली!"

कुणीही हसलं नाही. हाज अब्सलामच्या मुलानं मफद्दलला हात धरून उठवलं.

"तुम्ही बाबांना खांदा दिलात," तो म्हणाला. "एवढी माणसं कासाब्लांकाहून त्यांच्यासाठी अनवाणी आली, हे आम्ही विसरणार नाही. आणि जे काय असेल ते, त्यांच्या वतीनं मी माफ केलं."

मफद्दलनं पहिली मूठ माती टाकली आणि कपाळाला हात लावून अंजिराकडे निघाला. मागे बूशैब कुजबुजला, "आणखी एक आहे का? गुडघा सांभाळून चला, रे."

अंजिराखाली सगळं आटोपलं होतं. माणसं पांगली होती. ताज्या मातीवर कबर खोदणारा पाणी शिंपडत होता. त्यानं मफद्दलच्या निळ्या पायांकडे बघितलं, पण काही न विचारता रिकामं घमेलं घेऊन निघून गेला.

मफद्दल बसला. मातीवर हात ठेवला. तोंड उघडलं. एक शब्द फुटेना. आत शोधलं तर सगळं रिकामं. जे होतं ते तिकडे देऊन बसला होता.

खाली बसवाल्यानं हॉर्न दिला.

"तुहामी," शेवटी तो म्हणाला, "वर उतारावर हाज अब्सलाम आहे. तेलाच्या घाण्यावाला. आजच आलाय. त्याला मी सगळं सांगितलंय, अगदी पहिल्यापासून." त्यानं नाक पुसलं. "तो सांगेल तुला. माझ्याच्यानं पुन्हा नाही होणार."