बापासारखी पापणी

आमच्या किन्हीराजा गावचे महादेवभाऊ वाशीमच्या बाजारात मेथीची जुडी गिऱ्हाइकाला देतात ती न बघताच. बघतात ते बाईच्या कडेवरचं लेकरू. हनुवटी वर, मान मागे आणि नजर थेट लेकराच्या पापण्यांवर. एका आजीने नातवावर पदर ओढून सुनावलं, "ओ बुवा, काहून टकमक पाहून राह्यले? नजर लावता काय लेकराले?"

"लावत नाही वं माय, तपासून राह्यलो."

आजीने जुडी परत टाकली.

भाऊंची उजवी पापणी जन्मापासून अर्ध्यावर उतरलेली. समोरचं दिसायला मान मागे टाकावी लागते, त्यामुळे अनोळखी माणसाला वाटतं, भाजीवाल्याला फार माज आहे. शाळेत झोपतो म्हणून मार खाल्ला, तेव्हाही हा गडी जागाच होता. पण पूर्वी त्याचीच मिजास. "एका डोयानं जग पाहतो, दुसऱ्यानं आराम करतो," हे इतक्यांदा ऐकवत की मी शेजारी असून रस्ता बदलायचो.

त्यांची लेक मंगल झाली तीही तशीच उजवी पापणी घेऊन. बापाच्या तोंडावळ्याची मुलगी नशीबवान, असं आमच्याकडे मानतात. बारशाला भाऊंनी गावभर पेढे वाटले. "पोट्टी बापाची सही घेऊन आली!" मी तर दुसरा पेढा मागून खाल्ला. डॉक्टरला दाखवावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मंगल बाविशीत आली आणि स्थळं पापणीपाशी अडू लागली, तेव्हा मी बापलेकीला वाशीमच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, पापणी उचलणारा स्नायू जन्मतः कमजोर आहे. छोट्या ऑपरेशनने तो आखूड करता येतो, पापणी वर येते. ते नको असेल तर चष्म्याला आतून तार लावून पापणी वर धरता येते. "पण हिच्या त्या डोळ्याला नजर येणार नाही. झाकलेला राहिला, बघायला शिकलाच नाही."

"लहानपणीच आणली असती त?" भाऊंनी विचारलं.

"तर नजर बहुतेक वाचली असती."

बसमध्ये भाऊ मंगलच्या पापणीकडेच बघत बसले. त्यांची बडबड मला आयुष्यात पहिल्यांदा हवीशी वाटली. फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाले, "म्या पेढे वाटले ना गा." मला रडू आवरेना. तेव्हापासून ते कुणाचं लेकरू सोडत नाहीत. एखादी पापणी उतरलेली दिसली की भाजी तशीच टाकून आईच्या मागे धावतात, "उद्याच दाखव वं बाई!" स्वतःचं ऑपरेशन मात्र त्यांनी करून घेतलं नाही.

मंगलचं करवलं. टाके निघाले, सूज उतरली, दोन्ही डोळे सारखे उघडले. भाऊंनी तिला अंगणात खाटेवर बसवलं. बाईंनी सांगितलेलं त्यांना पटलंच नव्हतं.

"डावा डोया हातानं झाक बरं." मग बोटं पुढे धरली. "किती हायेत?"

मंगलने डोळ्यावरचा हात जरा सारखा केला. मग म्हणाली, "तीन."

तीनच होती. मी बाजूला उभा होतो. तिच्या हाताच्या दोन बोटांत ठेवलेली फट मला दिसली. भाऊ तर तिच्या अगदी समोर होते.

"बरोबर," भाऊ म्हणाले. "दिसते माह्या पोट्टीले."

मग पाणी प्यायचं म्हणून घरात गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मंगल डोळ्यावर हात तसाच धरून बसली होती.