गिरजा ‘चुकलं’ म्हणत नाय!

शेणवे गावच्या गिरजाने भर उन्हाळ्यात जाहीर करून टाकलं, "मला कोर्टात खेचणारा अजून जन्माला यायचाय!"

तिला कोर्टात कोणी खेचतही नव्हतं. पण गिरजाला भडकायला कारण लागत नसे. तिची मसाला कुटायची डंकी होती. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दारात रांग लावत आणि गिरजा डंकीपेक्षा वरच्या आवाजात त्यांच्यावर खेकसे. तरी बायका येत. मसाला झकास व्हायचा ना!

झालं काय, शहापूरला छोट्या दुकानदारांसाठी एका वकिलाचं भाषण होतं. गिऱ्हाइकाने दावा ठोकू नये म्हणून काय काळजी घ्यावी, असा विषय. गिरजा पुढच्या खुर्चीत. वकील पुष्कळ बोलले. पावती द्या, मशीनला जाळी बसवा, नसता शब्द देऊ नका. त्यातलं एकच वाक्य गिरजाच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं गेलं: "अपघात झाला तर घाईघाईत ‘माझी चूक’ म्हणून कबुली देऊ नका!"

"ऐकलंस?" घरी येताच तिने नवऱ्याला, गणूला दम भरला. "आजपासून माज्या तोंडून ‘चुकलं’ निघणार नाय! मेले तरी नाय!"

गणूने नुसती मान हलवली. बिचारा दुसरं करणार काय!

आठवडा गेला नसेल, तोच डोळखांबची सुंदरा तरातरा आली आणि मसाल्याची पिशवी तिने ओट्यावर आपटली.

"गिरजे! हा मसाला माजा नाय! मी बेडगी आणलेली. रंगाला लाल नि चवीला गरीब. हा तर निखारा हाय निखारा!"

गिरजाने पिशवीत डोकावून पाहिलं. तो पाड्यावरच्या सकुबाईचा लवंगी मिरचीचा मसाला होता. पिशव्यांची अदलाबदल झाली होती.

"काल माज्या कुणालीला बघायला मुरबाडचे पाहुणे आलेले," सुंदरा कडाडली. "गावठी कोंबड्याचा रस्सा केला. पोराच्या बापानं एक घास घेतला नि उभाच राहिला! मामा धावला हापशीवर, तिथून उठेचना! पोराला अशी उचकी लागली, की कुणालीनं नाव विचारलं तर धड सांगता येईना! हो नाय, नाय नाय, तसेच निघून गेले!"

एरवी गिरजा म्हणाली असती, ‘चुकलं गो बाय,’ आणि वर चहा पाजला असता. शब्द ओठांवर आलाही. तिने तो कडू काढ्यासारखा गिळला.

"मी काय कबूल करत नाय," ती म्हणाली. "मसाला तिखट हाय, हे तुजं म्हणणं."

"माजं म्हणणं? अगो, चाटून बघ!"

"नाय चाटणार! चाटलं म्हंजे कबूल केलं!"

सुंदराचा चेहरा त्या मसाल्याहून लाल झाला. "मला भरपाई नको, काय नको. एकदा चुकलं म्हण. म्हंजे चूक पोरीची नव्हती, असं मुरबाडला सांगायला मला तोंड राहील."

"नाय म्हणत!"

"मग कोर्टातच म्हणशील!" सुंदरा गरजली आणि पाय आपटत निघून गेली.

तोवर सकुबाई हजर! "गिरजे, माज्या कालवणाला चवच नाय. पोरगा विचारतो, आये, आज कोण आजारी हाय का?"

"त्यावरपण मी बोलणार नाय!"

बोलायची गरजही उरली नाही. ऐन हंगामात दारात चिटपाखरू फिरकेना. सगळ्या बायका पिशव्या घेऊन शहापूरला जाऊ लागल्या. गिरजाने संतापून वकिलाला फोन लावला.

"तुमच्या सांगण्यावरून गप बसले, तर माज्यावर दावा लागतोय!"

सगळं ऐकून वकीलच ओरडले, "अहो बाई! कोणाचा हातपाय मोडला तर, असं म्हणालो होतो मी! मिरचीच्या पिशवीसाठी नाही! भांडण दारातच मिटवलंत तर दावा कशाला लागेल? आधी जाऊन माफी मागा!"

गिरजा गणूच्या मोटारसायकलवर बसली ती थेट डोळखांब. सुंदराच्या अंगणात कमरेवर हात ठेवून तिने बोंब ठोकली, "चुकलं माजं! ऐकतेस ना? चुकलं म्हणते!"

"माफी मागतेस का मारायला आलीस?" सुंदरा आतून ओरडली.

"माज्याकडं एवढाच आवाज हाय!"

कुणाली फिस्सकन हसली. मग सुंदराही हसली आणि उठून चहा ठेवायला गेली. दोघी मिळून मुरबाडला गेल्या. पोराच्या बापाला गिरजाने सांगितलं, "पोरीचा हात गोड हाय. वाट मी लावली." पाहुणे पुन्हा यायला कबूल झाले. अट एकच, जेवायला श्रीखंड!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर काय, बाहेर बायकांची ही रांग! गिरजाचा जीव भांड्यात पडला. पण कोणाच्याच हातात पिशवी नव्हती.

"सुंदरेची माफी मागितलीस म्हणे," पुढे उभी असलेली सकुबाई म्हणाली. "माजी बाकी हाय."

"गेल्या साली माजी हळद जाळलीस, त्याची!" मागून एकजण.

"माज्या सुनेला येडी म्हणालीस, त्याची!" दुसरी.

गिरजाची कानशिलं तापली. तिने एक शिवी जिभेवरून मागे ढकलली, पदर खोचला आणि ओट्यावर बसली.

"या. एकेक या. घाई करू नका."

आणि रांगेच्या अगदी शेवटी, हाताची घडी घालून, गणू उभा होता.