दोन तळांचं घर

घराचा आराखडा भिंतीवरच्या पडद्यावर उलगडला आणि नकाशेवालीने तो बंद करायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी वाळूची पोती रचलेली होती.

ऑफिसात सगळे तिला नकाशेवालीच म्हणत. दिवसा ती लोकांच्या घरांचे नकाशे काढायची आणि संध्याकाळी मित्रमंडळींच्या गोळीबाराच्या खेळाचे. कंप्युटरवरच्या त्या खेळात दोन टीम एकमेकींवर तुटून पडत आणि रणांगण हिने घडवलेलं असे. काल घाईघाईत तिने एक फाईल मित्रांना पाठवली, एक ऑफिसात आणली. कुठली कुठे गेली, ते आता सगळ्यांसमोर झळकत होतं.

समोर सासूबाई, सूनबाई आणि कोपऱ्यात गप्प बसलेले सासरेबुवा. याआधीचा प्रत्येक आराखडा परत गेला होता. सासूला पटलं की सुनेला खुपायचं आणि सुनेला आवडलं की सासूबाई नाक मुरडायच्या. शेजारी उभ्या असलेल्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज हे गिऱ्हाईक गेलं ना, तर यापुढे तू नुसते जिने काढायचे."

"ही पोती कसली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते... आडोसे आहेत. मागे बसलं की समोरच्याला दिसत नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही."

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "बरं. पुढे दाखव."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. नकाशेवालीने देवाचं नाव घेतलं आणि पुढे गेली.

"दोन टोकांना दोन मोठ्या खोल्या का?" सूनबाईंनी विचारलं.

"ते दोन तळ. म्हणजे, एक यांचा, एक तुमचा. दोन्हीकडून मधल्या कोठारापर्यंतचं अंतर अगदी सारखं."

"कोठार म्हणजे स्वयंपाकघर ना?"

"हो हो, स्वयंपाकघरच. त्याला दोन दारं. एक बाजू आत घुसली की दुसरीला मागून निसटता येतं. कुणालाही झुकतं माप नाही, नाहीतर खेळणारे माझं डोकं खातात." तिने जीभ चावली. "म्हणजे, राहणारे."

पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सासू-सुना त्या दोन दारांकडे डोळे भरून पाहत होत्या.

"आई, तुम्हाला कुठली बाजू हवी?"

"तू निवड आधी. सारख्याच तर आहेत."

साहेबांना ठसका लागला.

इतक्यात नकाशेवालीचा फोन थरथरला. मित्राचा निरोप होता: "कसला नकाशा दिलास? कुठूनही कुणीही दिसतं, लपायला जागाच नाही. सगळे पटापट मेले. इथे जगणं अशक्य आहे." या कुटुंबासाठी जीव ओतून काढलेलं ते हवेशीर, मोकळंढाकळं घर होतं. तिने फोन उलटा ठेवला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण हसूच फुटत होतं.

"पोत्यांच्या जागी कपाटं चालतील," सासूबाईंनी निकाल दिला, "पण उंची हीच ठेव. आम्हाला हेच घर हवं."

राहिली फक्त सही आणि ती सासरेबुवांची लागणार होती. त्यांनी पेन हातात घेतलं, चष्मा सारखा केला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ती छोटी गॅलरी कुणाची?"

आता मात्र नकाशेवालीची थापांची शिदोरी संपली होती. ती खरं तेच बोलून गेली. "तिथे मेलेले खेळाडू बसतात, काका. बाद झालं की वर बसायचं आणि खालची लढाई बघायची. तिथवर कुणाचीच गोळी पोचत नाही."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

सासरेबुवांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे आणि झोकात सही ठोकली.

"माझी आरामखुर्ची तिथेच टाक, पोरी."