नऊ घागरी

उत्तमराव मास्तरांनी चार महिने खपून काव्यातल्या नवरसांवर चाळीस पानांचं व्याख्यान लिहिलं होतं. मास्तर मूळचे वाशीमचे. कनेरगाव नाका ओलांडून ते निजामाच्या राज्यात आले आणि डोंगरकड्याला त्यांनी खासगी शाळा काढली. शाळा चालली, पण कवितेवर बोलायला गावात माणूस मिळेना. म्हणून हे व्याख्यान.

त्या काळात माणसं जमवायची तर सरकारची परवानगी लागे, आणि अर्ज उर्दूतून करावा लागे. मास्तरांची उर्दू अजून मुळाक्षरांतच अडकलेली. ते चाँद पाशांकडे गेले. गावाचे सगळे अर्ज चाँद पाशाच लिहीत.

“लोकं कशापायी जमवून राहिले, मास्तर?”

“रसासाठी.”

“किती?”

“नऊ.”

गावाच्या मानाने नऊ घागरी काही जास्त नाहीत, असं चाँद पाशांना वाटलं. पौष महिना, गुऱ्हाळं सुरू. मास्तर गावाला उसाचा रस पाजणार, असं त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं आणि मास्तरांनी खाली सही केली.

जुम्म्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ठाण्याचे जलालुद्दीन जमादार परवानगी घेऊन आले. त्यांनी कागद वाचून मराठीत सांगितला. “नऊ घागरी रस पाजायला हरकत न्हाई. भाषणाला बंदी. कार्यक्रम बराबर झाला का न्हाई, त्याचा रिपोर्ट जमादारानं द्यायचा. जमादार म्हंजे मी.”

 मास्तर घाईने म्हणाले, “अहो, मला भाषणच करायचं होतं. हा रस पिण्याचा नव्हे.”

“मंग कशाचा?”

“मनाचा.”

जमादारांनी कागद पुन्हा पाहिला. “मनाचं हितं काही न्हाई. मास्तर, रस झाला न्हाई आन् लोकं जमले, तर साहेब मला इचारतील, काहून जमले व्हते? मंग तुमची शाळा ऱ्हाईल का?”

तेवढ्यात माणसं येऊ लागली. जमादार येताच कोतवालाने दवंडी दिली होती, ‘आज मास्तरांकडं रस हाय’. मास्तरांनी दहा श्रोते धरले होते. साठ आले, आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या होता.

मास्तर तडक उकंडरावांच्या गुऱ्हाळावर गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. उकंडराव म्हणजे सरळ माणूस, पण त्यांची रस उकळायची काहील चुलीवर चढायच्या बेतात होती. “मास्तर, हा रस आता गुळाचा हाय. पाजून टाकला तर आजचा गूळ गेला.”

त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, मास्तरांचा चेहरा पाहिला. “गूळ उद्या व्हईल,” त्या म्हणाल्या. “शाळा उद्या पुन्हा निघन का? आणा त्या घागरी.”

साठ माणसं गुऱ्हाळावर आली. चरक फिरत होता, तांबे भरत होते, आणि जमादार चिपाडांच्या ढिगावर बसून घागरी मोजत होते. मास्तर आपली पानं मांडीवर घेऊन बसले होते. इतके श्रोते त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते.

“त्या कागदात काय हाय, मास्तर?” मंजुळाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी जमादारांकडे पाहिलं. जमादारांनी जरा विचार केला. “उभं राहून बोललं तर ते भाषण. बसून बोललं तर गप्पा.”

मास्तर बसूनच बोलू लागले. शृंगाराला लोक शांतपणे प्याले. वीररसाला दोन म्हातारे पेंगले. बीभत्स रस सुरू झाला तेव्हा उकंडरावांनी हात जोडले, “हे पिणं झाल्यावर सांगा.” मग मास्तर करुणावर आले. संस्कृत उदाहरण दिलं, त्याचा अर्थ सांगितला, अर्थाचाही अर्थ सांगितला. कोणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“करुण म्हंजे नेमकं काय?” जमादारांनी विचारलं.

“दुसऱ्याचं दुःख ऐकून आपले डोळे भरतात, आणि तरी ते पुन्हा ऐकावंसं वाटतं.”

जमादारांनी घागरी मोजणं थांबवलं. मग म्हणाले, “माझी माय, मलिकाबी, जात्यावर एक गाणं म्हणत व्हती.” आणि त्यांनी ते दखनीत, खालच्या आवाजात म्हटलं. सासरी दिलेली बहीण ईदला भावाची वाट बघते. रस्त्यावर धूळ उठली की दारात येते. गाड्या येतात, पुढे जातात. ती शेवया करते, झाकून ठेवते.

चरक थांबला होता. मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागे बसलेल्या बायकांनीही लावला.

“आला का मंग भाऊ?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“आला. पण बहिणीला न्यायला न्हाई. त्याचा बैल हरवला व्हता, तो हुडकत आला. शेवया खाल्ल्या, बैल हिकडं दिसला का म्हणून इचारलं, आन् गेला.”

 मग मंजुळाबाईंना हसू फुटलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. “माझा भाऊ बी असाच हाय,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसू लागल्या.

“माय बी गाण्यात हितं आली की हसायची,” जमादार म्हणाले. “दर टायमाला. आन् हसता हसता जातं थांबवून बसायची. मास्तर, हा कोणता रस?”

साठ माणसं मास्तरांकडे पाहू लागली. 

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. गावात आल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालं होतं. त्यांनी पानं बाजूला ठेवली आणि ते चिपाडांवर जमादारांच्या शेजारी जाऊन बसले.

“पहिल्यापासून म्हणा,” ते म्हणाले. “मी मधे बोलत नाही.”